झाकणाची गोष्ट : हाताच्या ठशापासून संगणकापर्यंत

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर एखाद्या दिवंगत माणसाचा चौकटीतला फोटो लावलेला असतो. वर्षातून एकदा त्याला हार पडतो. हा फोटो आपण कधी जवळ जाऊन पाहिला आहे काय? जुन्या काळी बायकांचा स्वतंत्र फोटो काढण्याचा प्रसंग फार घरांत येत नसे. लग्नामुंजीच्या घोळक्यात काय तो एखादा फोटो निघे. पुढे ते माणूस गेले, की घरची मंडळी तो घोळक्याचा फोटो घेऊन फोटोग्राफरकडे जात आणि म्हणत, "एवढं एक माणूस मोठं करून द्या." फोटोग्राफर शेजारपाजारचे सारे लोक काढून टाकी, मागे धुरकट पडदा रंगवी आणि माणूस एकटे उभे करून देई.

माझ्या आत्याचा असा एक फोटो आमच्या घरी होता. तिच्या डाव्या खांद्यावर पदराच्या रंगाहून किंचित फिकट असा एक डाग दिसे. लहानपणी मला वाटे, पातळावर काहीतरी सांडले असेल. पुढे समजले, की तो डाग म्हणजे तिच्या थोरल्या जावेचा हात होता. रंगवणाऱ्याने हात पुसला, पण त्याच्याखालचा पदर त्याला नेमका जुळवता आला नाही.

वाचकहो, आज आपल्याला ज्या गोष्टीचा इतिहास पाहावयाचा आहे, ती गोष्ट ह्या डागापाशीच सुरू होते. चित्रातले काय ठेवायचे, काय झाकायचे आणि त्या दोहोंमधली रेघ कोठून न्यायची, हा तो प्रश्न. संगणकावर चित्रांचे काम करणारी मुले ह्यासाठी तीन शब्द वापरतात : पाथ, सिलेक्शन आणि मास्क. शब्द नवे वाटतात, पण त्यामागची कामे फार जुनी आहेत.

मास्क म्हटले की आपल्याला खंडोबाचा किंवा दशावतारी खेळातला मुखवटा आठवतो. येथे तो अर्थ नाही. धान्याच्या पोत्यावर व्यापाऱ्याचे नाव उमटवताना अक्षरे कापलेला पत्रा ठेवतात आणि वरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवतात. पत्रा उचलला की अक्षरे उमटलेली दिसतात. दारात रांगोळीचा छाप ठेवून वरून पूड टाकतात, त्यातही हेच होते. त्या पत्र्याचे काम रंग लावण्याचे नाही, तर रंग नको तेथे अडवण्याचे आहे. हा पत्रा म्हणजे मास्क. मराठीत आपण त्याला झाकण म्हणू. पत्रा कापण्याआधी त्यावर जी रेघ आखतात ती पाथ, म्हणजे वाट. आणि त्या रेघेच्या आत जो भाग सापडतो ते सिलेक्शन, म्हणजे निवड. एवढे तीन अर्थ ध्यानात ठेवले म्हणजे पुढची वाट सोपी आहे.

माणसाने वापरलेले सर्वांत जुने झाकण म्हणजे त्याचा स्वतःचा हात. गुहेच्या भिंतीवर पंजा टेकवायचा आणि तोंडात घेतलेला रंग त्यावर फुंकरायचा. हात काढला की भोवती रंग आणि मध्ये कोरा पंजा राहतो. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर असे पंजे आहेत. त्यांतील एका पंजाचे वय २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणे निदान ३९,९०० वर्षे आहे. म्हणजे शेती नव्हती, भांडी नव्हती, तेव्हाही माणसाला हे ठाऊक होते, की झाकलेल्या जागेचे चित्र बनते.

तेथून एकदम युरोपातल्या पहिल्या छापखान्यांत येऊ. हाताने चालवायच्या यंत्रावर कागद आणि शाई लावलेले टाइप ह्यांच्यामध्ये एक चौकट असे. तिच्यावर चामड्याचा किंवा कागदाचा पडदा ताणलेला असे आणि मजकुराच्या जागी त्याला खिडक्या कापलेल्या असत. खिडकीतून मजकूर उमटे, समासाला मात्र शाईचा डाग लागत नसे. तांबड्या शाईची अक्षरे छापावयाची असली, तर तेवढ्याच अक्षरांपुरत्या खिडक्या कापलेला निराळा पडदा लावीत. हा पडदा चाकूने कापणाऱ्या कारागिराचा हात चुकला, की धर्मग्रंथाच्या पानावर भलत्याच ठिकाणी तांबडे फुटायचे.

पुढे एकोणिसाव्या शतकात फोटोग्राफी आली आणि झाकणाचे काम एकदम वाढले. त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. त्या काळच्या काचेच्या ओल्या पट्टीला निळा प्रकाश फार चटकन लागे, तांबडा जवळजवळ लागतच नसे. त्यामुळे देखाव्याचा फोटो घेतला तर जमीन नीट येई, पण आकाश पांढरे फटक. ढग म्हणून दिसायचे नाहीत. आकाशासाठी पट्टी थोडा वेळ उघडी ठेवावी, तर जमीन काळोखात जाई. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे ह्याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढताना ह्यावर उपाय योजला. त्याने काही चित्रांत समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी निगेटिव्ह घेऊन क्षितिजाच्या रेघेवर दोन्ही जुळवल्या. एक छापताना कागदाचा वरचा भाग झाकायचा, दुसरी छापताना खालचा. क्षितिज सरळ असते, म्हणून सांधा दिसत नसे.

लगेच १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर ह्याने मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनात 'जीवनाचे दोन मार्ग' अशा अर्थाच्या नावाचे एक चित्र मांडले. तीसहून अधिक निगेटिव्ह एकाच चित्रात आणल्या होत्या. एकेक माणूस छापताना बाकीचा सारा कागद झाकून ठेवावा लागे. चित्राची एक प्रत राणी व्हिक्टोरियाने विकत घेतली. पण पुष्कळ लोक रागावलेही. चित्रात उघडी शरीरे होती हा एक राग. आणि जे कॅमेऱ्यासमोर एकाच वेळी कधी घडलेच नाही ते फोटो म्हणून दाखवावे काय, हा दुसरा. पहिला राग काळाबरोबर निवळला. दुसरा आजही तसाच उभा आहे, आणि त्याच्याकडे आपल्याला शेवटी परत यावयाचे आहे.

आता छापखान्याच्या शेजारच्या खोलीत, म्हणजे ठसे तयार करणाऱ्या कारखान्यात डोकावू. मासिकात एखाद्या शिवणयंत्राचे चित्र छापायचे आहे आणि मागची भिंत नको आहे. तर कारागीर काचेखालून उजेड पाडलेल्या मेजावर निगेटिव्ह ठेवी आणि बारीक कुंचल्याने यंत्राच्या कडेकडेने दाट रंग भरीत जाई. रंगातून उजेड जात नाही, त्यामुळे भिंत गळून पडे आणि यंत्र पांढऱ्या कागदावर उभे राही. पुढे ह्या कामासाठी पारदर्शक तांबड्या पापुद्र्याची फिल्म निघाली. पापुद्रा धारदार सुरीने हलकेच कापायचा आणि हवा तेवढा सोलून काढायचा. माणसाच्या डोळ्याला तांबड्यातून पलीकडचे दिसते, म्हणून कापणे सोपे. आणि छपाईच्या फिल्मला तांबडा उजेड लागत नाही, म्हणून तिच्या लेखी तो पापुद्रा म्हणजे काळी भिंत! ज्याने कोणी ही युक्ती काढली, त्याच्या डोक्याला दाद दिली पाहिजे.

ह्याच तांबड्या पापुद्र्याची एक हकिकत आहे. संगणकाच्या आतल्या चिमुकल्या पट्टीवर, म्हणजे चिपवर, जे सूक्ष्म नक्षीकाम असते, तेही झाकणे लावूनच उमटवतात. १९७१ साली बाजारात आलेल्या इंटेल ४००४ ह्या चिपसाठी ही झाकणे आधी मोठ्या आकारात तांबडा पापुद्रा कापून केली होती आणि मग कॅमेऱ्याने लहान केली होती. म्हणजे ज्या यंत्राने पुढे पापुद्रा कापणाऱ्याची सुरी हिरावली, ते यंत्र त्याच सुरीने जन्माला घातले. असो.

आपल्या महाराष्ट्राचा ह्या विद्येशी जवळचा संबंध आहे. दादासाहेब फाळके चित्रपटात शिरण्यापूर्वी फोटोग्राफी आणि ठशांच्याच धंद्यात होते. राजा रविवर्मा ह्यांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले, लोणावळ्यास स्वतःचा कारखाना काढला आणि १९०९ साली रंगीत छपाईचे ज्ञान व सामग्री मिळवण्यासाठी ते जर्मनीस जाऊन आले. मग १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये अण्णा साळुंके ह्यांनी राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. देवादिकांचे चमत्कार पडद्यावर खरे वाटावेत असे दाखवणारा हा माणूस आधी काचेवर, कागदावर आणि जस्तावर प्रतिमा कशी धरावी हे शिकला होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

चित्रपटात झाकणाची किमया पहिल्यांदा रंगवून दाखवली ती फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस ह्याने. १८९८ च्या एका छोट्या चित्रपटात तो स्वतःचे डोके काढून मेजावर ठेवतो, पुन्हा दुसरे, पुन्हा तिसरे! ह्यातले मर्म काळ्या पडद्यात आहे. फिल्मचा जो भाग काळ्या रंगासमोर येतो त्याच्यावर काहीच उमटत नाही. तो कोराच राहतो. फिल्म मागे गुंडाळून त्या कोऱ्या भागावर दुसरे दृश्य घ्यायचे. झालं!

पण येथे एक अडचण होती. मेजावरचे डोके एका जागी असते. धावणाऱ्या माणसाचे काय? त्याच्यासाठी झाकणही त्याच्याबरोबर धावले पाहिजे. दर सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे चोवीस झाकणे. हाताने कोण किती कापणार? तेव्हा माणसाला निळ्या पडद्यापुढे उभे करून तो निळा रंग वेगळा काढण्याची रीत निघाली. १९४० सालच्या 'बगदादचा चोर' ह्या इंग्रजी चित्रपटात बाटलीतला राक्षस आकाशाएवढा होतो, ते ह्या रीतीने. त्या चित्रपटातला तो छोटा नायक साबू हा मूळचा म्हैसूरकडचा. निवड करावयाची तर कडेची रेघ शोधण्याऐवजी रंगाचा माग काढावा, ही कल्पना येथून रूढ झाली.

आता संगणक. संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे चौकड्यांच्या वहीचे पान. प्रत्येक चौकडीत तीन आकडे : तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत रिचर्ड शूप ह्याने असे चित्र पडद्यावर रंगवण्याची यंत्रणा उभी केली. चित्र रंगवता येऊ लागले, पण एकावर एक दोन चित्रे बसवायची तर कडा खरखरीत, करवतीच्या दात्यांसारख्या येत. कारण एखादी चौकडी आत की बाहेर, असा हो-नाहीचाच निवाडा होई. माणसाचे केस घ्या. एका चौकडीत केसाची अर्धी बट आणि अर्धे आकाश असेल, तर ती चौकडी कोणाची?

ह्याचे उत्तर १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल ह्या दोघांनी काढले. त्यांनी प्रत्येक चौकडीला चौथा आकडा दिला. हा आकडा रंग सांगत नाही. ती चौकडी किती झाकलेली आहे ते सांगतो. आठ अंशांच्या आकड्यात ० पासून २५५ पर्यंत २५६ पायऱ्या बसतात. २५५ म्हणजे वरचे चित्र पुरते दिसेल, ० म्हणजे मुळीच नाही, आणि मधला आकडा म्हणजे दुधात पाणी मिसळावे तसे थोडे वरचे, थोडे खालचे. ह्या चौथ्या आकड्याला त्यांनी ग्रीक वर्णमालेतले 'अल्फा' हे नाव दिले. १९८४ साली टॉमस पोर्टर आणि टॉम डफ ह्यांनी ह्या मिसळणीचे पुरे गणित मांडले. १९९६ साली ह्या चौघांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तांत्रिक पारितोषिक दिले. पत्र्याच्या झाकणाला फक्त भोक असते किंवा नसते. ह्या नव्या झाकणाला मलमलीपासून घोंगडीपर्यंत सारे पोत आले. आत्याच्या पदरावर जुळवाजुळव करणाऱ्या त्या रंगवणाऱ्याला हेच तर हवे होते!

झाकणाचे असे झाले. आता वाटेकडे, म्हणजे त्या आखीव रेघेकडे वळू. ही कथा चित्रकारांच्या नव्हे, मोटारींच्या कारखान्यातली आहे.

पूर्वी जहाजाचा किंवा मोटारीचा डौलदार बाक आखायचा तर लाकडाची लवचीक पट्टी जागोजागी वजने ठेवून वाकवीत आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवीत. बाक सुरेख येई, पण तो दुसऱ्या गावच्या कारखान्याला पत्राने कसा कळवणार? आकड्यांत सांगता येईल असा बाक हवा होता. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो नावाच्या तरुण गणितज्ञाने १९५९ साली ही रीत बसवली. कंपनीने ती गुप्त ठेवली. इकडे रेनो कंपनीत पियेर बेझिये हा अभियंता स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचला आणि १९६० नंतरच्या दशकात त्याने आपले काम प्रसिद्ध केले. म्हणून त्या वक्ररेषेला जगाने बेझियेचे नाव दिले. एकाने आधी शोधले आणि दुसऱ्याचे नाव लागले! पण रेषा मोजण्याच्या त्या पहिल्या रीतीला आज कास्तेल्जोचे नाव आहे, एवढा न्याय मिळाला.

ही रीत आपण घरी कागदावर करून पाहू शकता. कागदावर चार ठिपके द्या. पहिला आणि चौथा हे वाटेचे दोन टोकांचे खुंटे. दुसरा आणि तिसरा हे लगाम. वाट त्यांच्यावरून सहसा जात नाही, पण त्यांच्याकडे ओढली जाते. आता पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा आणि तिसरा-चौथा असे रेघांनी जोडा. तिन्ही रेघांचे मध्य काढा. ते तीन मध्य ओळीने जोडले की दोन रेघा होतील. त्यांचे मध्य काढा. ते दोन मध्य जोडा आणि त्या रेघेचा मध्य काढा. हा शेवटचा ठिपका वक्ररेषेवरचा. मध्याऐवजी सगळीकडे पाव हिस्सा घ्या, दुसरा ठिपका मिळेल. पाऊण घ्या, तिसरा मिळेल. असे ठिपके जोडीत गेलात की डौलदार बाक तयार. शाळेतली पट्टी आणि पेन्सिल एवढ्यावर हे होते, बरं का!

ह्यात मोठा लाभ असा, की तो बाक संगणकात साठवायला चार ठिपक्यांचे आठ आकडे पुरतात. आणि चित्र टपालतिकिटाएवढे करा की चौकातल्या फलकाएवढे, रेघ करवतीसारखी होत नाही. कारण साठवलेली गोष्ट रेघ नव्हे, रेघ काढण्याची रीत आहे.

१९८२ साली जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की ह्या दोघांनी अडोबी कंपनी काढली आणि १९८४ साली छापयंत्राला हुकूम देण्याची पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा बाजारात आणली. तिच्यात वाटेचे हुकूम अगदी वाटसरूला सांगावेत तसे आहेत : नवी वाट धर, ह्या ठिकाणी जा, तेथून बाकाने तिकडे जा, वाट बंद कर. बंद वाटेला आणखी एक हुकूम देता येतो, की हिच्याबाहेर काही उमटू देऊ नकोस. पाचशे वर्षांपूर्वीच्या छापखान्यातली चामड्यात कापलेली खिडकी ती हीच! १९८७ साली ह्याच कंपनीच्या इलस्ट्रेटर ह्या साधनामुळे चित्रकाराला खुंटे आणि लगाम पडद्यावर हाताने ओढता येऊ लागले.

आत कोणते आणि बाहेर कोणते हे यंत्राला कसे कळते, असा प्रश्न कोणी विचारील. एक रीत सोपी आहे. ठिपक्यापासून दूरवर एक सरळ रेघ काढा आणि ती वाटेला किती वेळा छेदते ते मोजा. विषम वेळा छेदली तर ठिपका आत, सम वेळा तर बाहेर. चहाच्या कपाचा कान घ्या. कानातले भोक कपाच्या बाहेरच्या रेघेच्या आत आहे, पण ते कप नव्हे. भोकाभोवती दुसरी वाट आखली की मोजणी सम होते आणि भोक आपोआप बाहेर पडते.

आता हे सारे प्रवाह एकत्र कोठे आले ते पाहू. अमेरिकेत मिशिगनमध्ये नोल नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांना फोटोग्राफीचा छंद होता आणि घराच्या तळघरात त्यांनी फोटो धुण्याची अंधारखोली केली होती. त्यांच्या मुलांपैकी टॉमसने विद्यार्थी असताना १९८७ साली संगणकावर करड्या छटा दाखवण्याचा एक छोटा कार्यक्रम लिहिला. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांतील चमत्कृतिदृश्यांच्या धंद्यात होता. त्याने त्या कार्यक्रमाचे मोल ओळखले. दोघांनी मिळून वाढवलेले ते साधन अडोबीने फोटोशॉप ह्या नावाने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणले. आजही त्याच्या पेटीत बापाच्या अंधारखोलीच्या खुणा दिसतात. फोटो छापताना एखादा भाग उजळ ठेवायचा तर काडीला लावलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीने उजेड अडवीत. गडद करायचा तर मुठीच्या फटीतून तेवढ्यावरच उजेड सोडीत. त्या चकतीचे आणि मुठीचे चित्र संगणकाच्या पडद्यावर आजही आहे. गुहेतल्या माणसाचा हात असा येथवर आला आहे.

निवड करण्याचा फास, ज्याला लासो म्हणतात, तो त्याआधीच १९८४ साली बिल ॲटकिन्सन ह्याच्या मॅकपेंट ह्या साधनात आला होता. निवडलेल्या भागाच्या कडेने तुटक रेघ चालताना दिसते, तिला मुंग्यांची रांग असे नाव पडले आहे. बिअरच्या एका जाहिरातीच्या पाटीवरील वाहता धबधबा पाहून ती ॲटकिन्सनला सुचली, असे सांगतात. फोटोशॉपमध्ये १९९१ साली वाट आखण्याची लेखणी आली आणि १९९४ साली थर आले. एका चित्रावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे, आणि प्रत्येकाला आपापले झाकण. १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी गिंप नावाचे साधन लोकांना फुकट आणि खुल्या मनाने देऊन टाकले. ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्यालाही ही विद्या मोकळी झाली.

ह्या तिन्हींचा वापर केव्हा कसा करावा, हे जुन्या कारागिरीवरूनच समजते. घागर, मोटार, बाटली, पुस्तक अशा कठीण कडेच्या वस्तूला वाट आखावी. थोडे खुंटे, लांब लगाम, आणि रेघ वस्तूच्या किंचित आतून, म्हणजे मागच्या भिंतीची किनार येत नाही. केस, धूर, झाडाचा शेंडा, मलमलीचा पदर ह्यांना वाट आखून भागत नाही. तेथे रंगावरून निवड करावी आणि मऊ कुंचल्याने झाकण रंगवावे. वाटेची निवड होते, निवडीचे झाकण होते. झाकणाचा गुण असा, की त्याने काही नष्ट होत नाही. कात्रीने कापलेले गेले ते गेले. झाकलेले मात्र खाली तसेच असते. काळ्या कुंचल्याने झाका, पांढऱ्याने उघडा. चुकले तर माघार घेता येते.

रेघ शोधण्याचे कामही हळूहळू यंत्राने उचलले. १९९५ साली एरिक मॉर्टन्सन आणि विल्यम बॅरेट ह्यांनी कडेला आपण होऊन चिकटणारी रेघ दाखवली. २००४ साली वस्तूभोवती नुसती चौकट ओढली की यंत्र ती वस्तू वेगळी काढी. २०२३ साली मेटा कंपनीने १ कोटी १० लाख चित्रे आणि त्यांवरची १०० कोटींहून अधिक झाकणे गोळा करून असे यंत्र शिकवले, की एका ठिपक्यावर बोट ठेवले तरी पुरे. जे काम कारागीर दिवसभर मान मोडून करी, ते आता खिशातल्या फोनमध्ये क्षणात होते.

वाचकहो, येथे थोडे थांबावयास हवे. काम सोपे झाले, पण ज्या प्रश्नावरून १८५७ साली मँचेस्टरला लोक रागावले तो सोपा झाला काय? सोव्हिएत रशियात १९३७ सालचा एक फोटो आहे. मॉस्कोच्या कालव्याच्या कडेला स्टालिन चालला आहे आणि त्याच्या शेजारी निकोलाय येझोव्ह हा पोलिसखात्याचा प्रमुख. १९४० साली येझोव्हला गोळी घातली. मग फोटोत त्याच्या जागी नुसते कालव्याचे पाणी आले. हे काम कुंचला आणि सुरी यांनीच झाले. संगणक तेव्हा नव्हता. अमेरिकेतल्या 'नॅशनल जिऑग्रफिक' मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर इजिप्तचे पिरॅमिड जवळ जवळ सरकवले, का, तर आडवे चित्र उभ्या पानावर बसत नव्हते. तेव्हा फोटोशॉप यायला आठ वर्षे होती. ३१ मार्च २००३ रोजी 'लॉस एंजेलिस टाइम्स' मध्ये इराक युद्धाचा एक फोटो आला. एका क्षणीचा सैनिक आणि दुसऱ्या क्षणीचे गावकरी असे दोन फोटो छायाचित्रकाराने एकत्र केले होते. गर्दीतली तीच माणसे दोनदा दिसली आणि चोरी उघडी पडली. त्याची नोकरी गेली.

ह्या तिन्ही गोष्टी एका मापाच्या नाहीत. एकीत माणसाचे अस्तित्वच पुसले, दुसरीत मुखपृष्ठ साजरे केले, तिसरीत बातमी अधिक ठसठशीत केली. पण तिन्हींत एक समान धागा आहे : पाहणाऱ्याला सांगितले नाही. बाटलीतला राक्षस पाहणाऱ्याला ठाऊक असते की हा खेळ आहे. म्हणून ती फसवणूक नव्हे. फोटो साक्षीला उभा केला, की मग झाकलेले काय ते सांगणे हे झाकणाऱ्याचे कर्तव्य ठरते. यंत्र निवड करील, वाटही आखील. हे कर्तव्य मात्र ते आपल्या अंगावर घेणार नाही.

मघाशी सांगितलेला आत्याचा फोटो दमट हवेने खराब झाला, तेव्हा मी मूळचा घोळक्याचा फोटो शोधून काढला आणि गावातल्या एका फोटोवाल्या तरुणाकडे नेला. त्याने तो संगणकात घेतला, आत्याच्या खांद्याभोवती वाट आखली, केसांना मऊ झाकण केले आणि काही मिनिटांत ती एकटी उभी राहिली. मग त्याने मला विचारले, "काका, खांद्यावर हात आहे कुणाचा तरी. ठेवू का काढू?"

जुन्या रंगवणाऱ्याने हा प्रश्न कोणाला विचारला होता की नाही, देव जाणे. थोरली जाऊ आणि आत्या ह्यांचे पुढच्या आयुष्यात फारसे पटले नाही, असे घरी बोलत. पण फोटोच्या दिवशी तो हात तेथे होता हे खरे. मी म्हटलं, "राहू दे." त्याने पांढरा कुंचला फिरवला. झाकण सरकले आणि बांगड्या भरलेला तो हात पुन्हा खांद्यावर आला. खाली मी मुद्दाम एक ओळ लिहून घेतली आहे : घोळक्याच्या फोटोतून वेगळा काढलेला; हात थोरल्या जावेचा.

आपल्याही घरी असा फोटो असेल. एकदा खाली उतरवून, काच पुसून, त्याच्या कडा उजेडात पाहा. काही झाकलेले आढळले, तर ज्याला ठाऊक आहे असे वडीलधारे माणूस घरात आहे तोवर त्यांना विचारून मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.